कारभाराची रीत आणि कामगाराची वृत्ती

कामगार मनापासून काम करीत नाही, ही तक्रार कारखानदारीइतकीच जुनी आहे. खाडे फार होतात, हत्यारे जागेवर ठेवली जात नाहीत, डोळ्यांदेखत माल खराब होत असता कोणी हात पुढे करीत नाही, सणाला गावी गेलेला माणूस ठरल्या दिवशी परतत नाही, ही यादी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत ऐकावयास मिळते. यादीतील बऱ्याच गोष्टी खऱ्याही असतात. प्रश्न असतो तो त्यांच्या कारणाचा. हे दोष कामगाराच्या स्वभावातून येतात, की ज्या रीतीने त्याच्याकडून काम करवून घेतले जाते त्या रीतीतून? पहिले उत्तर मान्य केले की दंड आणि बडतर्फी यांपलीकडे मार्ग उरत नाही. दुसरे मान्य केले तर चौकशीचा रोख कारखान्याच्या कचेरीकडे वळतो, आणि तो तेथे सहसा आवडत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कापड गिरण्यांइतके चांगले क्षेत्र दुसरे नाही. सूत तेच, मागही बहुतांशी तेच आणि कामगार साधारणपणे एकाच थरातून आलेला. बदलत गेली ती कारभाराची पद्धत. नागपूर, मुंबई, अहमदाबाद आणि तारापूर या चार ठिकाणचा सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

नागपूरची गिरणी

व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटा यांची गिरणी नागपुरात सुरू झाली. म्हणून तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. कापूस जवळचा होता, जागाही योग्य होती. परंतु यंत्रावर काम करण्याची सवय असलेला कामगार मात्र नागपुरात नव्हता. भोंग्यावर दिवस बांधून घेणे ही गोष्टच त्या भागाला नवी होती. मुंबईत शंभरातील आठ-दहा कामगार गैरहजर राहत, तेथे नागपुरात साध्या दिवशीही वीसजण येत नसत, असे टाटा उद्योगाच्या इतिहासात नमूद आहे. पाचातील एक यंत्र माणसाअभावी उभे राहिले, तर गिरणी चालावयाची कशी?

त्या काळचा रूढ उपाय दंडाचा होता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेजनजी दादाभाई मेहता यांनी तो मार्ग धरला नाही. बेजनजी हे मूळचे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील अधिकारी. गिरणीच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. कदाचित त्यामुळेच गिरणीतील जुन्या सवयींचे ओझेही त्यांच्यावर नसावे. त्यांनी नियमित हजेरीला बक्षिसे ठेवली. वार्षिक क्रीडादिन आणि बक्षीस समारंभ सुरू केले. त्यांत साखळ्या, घड्याळे, रोख रकमा वाटल्या जात. खात्यांत हवा खेळती ठेवण्याची, हवेतील ओलावा राखण्याची व आग विझविण्याची यंत्रणा बसविली. १८८६ मध्ये वार्धक्यासाठी निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची नुकसानभरपाई सुरू झाली. या तारखांचे महत्त्व लक्षात येण्यासाठी इतकेच सांगणे पुरे, की कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये झाला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये.

याला कोणी दानधर्म म्हणेल. जमशेटजींनी स्वतः तसा दावा कधी केला नाही. आपण इतरांहून अधिक परोपकारी आहोत असे नव्हे, परंतु कामगारांचे आरोग्य व कल्याण हाच उत्कर्षाचा खात्रीचा पाया आहे, अशा अर्थाचे विचार त्यांनी १८९५ मध्ये मांडले होते. हिशेबी माणसाचे ते बोल होते. निधीतील रक्कम नोकरी टिकविणाऱ्यासच मिळणार, म्हणजे नोकरी टिकविण्यात कामगाराचाही लाभ, हे गणित त्यामागे होते. गावी गेलेल्या माणसाला परत येण्यास एक कारण मिळाले.

ही गिरणी अमर ठरली नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ चालून ती अडचणीत आली, १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि बाजारातील बदल यांवर चांगल्या कारभाराचा उतारा नेहमीच चालतो असे नाही. सुरुवातीच्या दशकांत एका अनोळखी उद्योगासाठी स्थिर कामगारवर्ग तिने घडविला, एवढे मात्र निर्विवाद होय.

मुंबईचा जॉबर

मुंबईतील गिरण्यांची घडी निराळी होती. तेथे मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर उभा होता. खात्यात माणूस घ्यावयाचा तो जॉबरने, काढावयाचा तोही त्यानेच. नवीन यंत्र लावणे, बिघाड दुरुस्त करणे आणि काम शिकविणे हेही त्याच्याचकडे. स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीचा असे. रत्नागिरीहून किंवा घाटावरून आलेला तरुण आपल्या गावच्या वा नात्यातल्या जॉबरला भेटे. त्याच्या शब्दावर चाळीत राहण्यास जागा मिळे, त्याच्या ओळखीवर वाणी उधार देई. व्यवस्थापकाला या साऱ्याची माहिती नसे, आणि गरजही वाटत नसे. हजारो माणसे सांभाळण्याचा त्रास कोणी परस्पर उचलीत आहे, ही सोय त्याला पुरेशी होती.

या सोयीची किंमत दस्तुरीच्या रूपाने कामगार देत होता. नोकरी लागताना दस्तुरी, रजेवरून आल्यावर पुन्हा रुजू होताना दस्तुरी. यातील मेख अशी, की माणसे जितकी बदलतील तितकी जॉबरची मिळकत वाढे. ज्याच्या हाती खाते स्थिर ठेवण्याचे काम सोपविले होते, त्याचाच स्वार्थ अस्थिरतेत होता. कामगारालाही एक गोष्ट लवकरच उमगे: नोकरी टिकते ती हाताच्या कसबावर नव्हे, जॉबरच्या मर्जीवर. मग त्याने कष्ट कोठे घ्यावेत? साळखात्यात उत्तम कापड काढणारा आणि बेताचे काढणारा हे दोघे जॉबरच्या दृष्टीने सारखेच असतील, तर कापड सुधारण्याची ओढ उरत नाही. तिला आळस म्हणणे सोपे, पण चुकीचे आहे.

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर बोट ठेवले. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. कामगार भरतीचे काम जॉबरकडून काढून घेऊन स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, ही आयोगाची एक प्रमुख शिफारस होती. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले आणि १९३५ मध्ये गिरण्यांत बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. नोंद केलेल्या बदली कामगारांनी रोज सकाळी दारावर हजर राहावयाचे आणि गैरहजर माणसांच्या जागा त्यांच्यामधूनच भरावयाच्या, अशी ही योजना होती. जॉबरच्या हातचा एक पत्ता तिने काढून घेतला. परंतु हीच बदलीची पायरी पुढे कित्येकांच्या वाट्याला वर्षानुवर्षे आली. कायम होण्याची वाट पाहत दारावर उभा राहणारा माणूस गिरणीला आपली म्हणणार कसा? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या मोठ्या संपामागे वेतन व बोनस यांच्या मागण्यांबरोबर बदली कामगारांचे हे साठलेले गाऱ्हाणेही होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १८५४ ते १९४७ या काळातील मुंबईच्या गिरणी कामगारांवरील आपला ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. खेड्यातून आलेल्या माणसाला यंत्रयुगाची शिस्त पचत नाही, हा तोवरचा सर्वमान्य समज होता. मॉरिस यांचा निष्कर्ष याच्या उलट होता: मुंबईतील बेशिस्तीचे मूळ कामगाराच्या ग्रामीण मनात नसून गिरणीमालकांनी स्वीकारलेल्या धोरणात होते. शिस्तीवाचूनही भागत होते, म्हणून शिस्तीसाठी खर्च करण्याची निकड मालकांना भासली नाही.

अहमदाबादचे चौसष्ट माग

वरील दोन्ही उदाहरणांत कामगाराची सुरक्षितता आणि नेमणूक यांचा विचार झाला. प्रत्यक्ष यंत्रावरील कामाची मांडणी कशी असते आणि तिचा मनावर काय परिणाम होतो, हे दाखविणारा एक प्रयोग १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत झाला. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासात त्याला स्थान मिळाले असले, तरी आपल्याकडे तो फारसा परिचित नाही.

गिरणीने १९५२ मध्ये स्वयंचलित मागांचे नवे खाते उघडले होते. यंत्रे उत्तम, देखभाल चोख, कामगारही निवडक; तरीही उत्पादन अपेक्षेइतके येईना आणि कापडातील खोट साध्या मागांपेक्षा कमी होईना. गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना सल्ल्यासाठी बोलाविले. कोळशाच्या खाणीत नवीन यंत्रे आल्यावर जुन्या टोळ्या मोडल्या आणि यंत्रांबरोबर अशांतताही आली, असे या संस्थेच्या अभ्यासकांनी इंग्लंडमध्ये नुकतेच दाखवून दिले होते. अहमदाबादच्या खात्यात राइस यांना त्याच दुखण्याची लक्षणे दिसली.

खात्यातील २२४ मागांवर बारा प्रकारची कामे होती. एक माग चालवी, एक कांड्या भरी, एक तुटलेला ताणा जोडी, एक तेल घाली, एक झाडलोट करी, एक कापड उचलून नेई. वेळ आणि हालचाली मोजून प्रत्येकाला किती माग द्यावयाचे ते ठरविले होते. हिशेब कागदावर बिनचूक होता. विणकराला चोवीस ते बत्तीस माग, कांड्या भरणाऱ्याला त्याहून अधिक, ताणा जोडणाऱ्याला त्याहूनही अधिक. परिणाम असा झाला, की कोणाही दोन प्रकारच्या कामगारांचे माग जुळेनात. एका विणकराला अनेकांची मदत लागे, परंतु त्यांपैकी कोणीही केवळ त्याचा नसे. ताणा तुटला की तो जोडणाऱ्याला हाक मारावयाची. तो दुसऱ्या रांगेत गुंतलेला. माग थांबे, विणकराचा कामाचा दर बुडे, आणि दोष कोणाचा हे कोणालाच सांगता येत नसे. कामे बाराजणांत वाटलेली असली तरी अखंड कापडाची जबाबदारी एकाचीही नव्हती.

राइस यांची सूचना साधी होती. सुमारे चौसष्ट मागांचा एक विभाग करावा आणि त्यावरील सर्व कामे सातजणांच्या एका गटाकडे द्यावीत; आतली वाटणी गटाने आपसांत करावी. ही कल्पना खात्यातील पर्यवेक्षक आणि कामगार यांच्यासमोर चर्चेसाठी ठेवताच जे घडले ते सल्लागारालाही अनपेक्षित होते. वरून आदेश निघण्यापूर्वीच कामगारांनी आपले गट स्वतः जमवून नावे पुढे केली. कोणाबरोबर काम करावयाचे हे प्रथमच त्यांना विचारले गेले होते.

प्रयोग पहिल्याच दिवशी फळाला आला नाही, ही बाब आवर्जून सांगितली पाहिजे. आरंभी गटांनी उत्पादन वाढविण्याच्या भरात देखभालीकडे दुर्लक्ष केले आणि कापडातील खोट वाढली. गिरणीचे व्यवस्थापन थोडे उतावीळ असते, तर जुनी पद्धत परत आणण्यास तेवढे निमित्त पुरले असते. त्याऐवजी गटांबरोबर बसून कामाची पुन्हा आखणी करण्यात आली. घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास होती ती ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि खराब कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. माग तेच होते आणि माणसेही बव्हंशी तीच. ताणा तुटला की आता गटातील जो मोकळा असेल तो धावे. हाक मारण्याचे कारण उरले नव्हते.

एरिक मिलर यांनी १९७० मध्ये याच गिरणीत पुन्हा पाहणी केली, तेव्हा चित्र संमिश्र होते. साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धती इतक्या वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. स्वयंचलित मागांकडे मात्र ती विरत गेली होती. कापडाचे प्रकार वारंवार बदलू लागले, माणसे बदलली, आणि अडचण आली की पर्यवेक्षक गटाला पुढे करण्याऐवजी स्वतःच हुकूम सोडू लागले. गटाची जबाबदारी एकदा वरिष्ठाने काढून घेतली की गट नावापुरताच उरतो. ही गिरणीही १९९० च्या दशकात बंद झाली.

कायद्याची चौकट

कामगाराला कारभारात स्थान असावे, हा विचार कायद्यानेही स्वीकारला आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अन्वये शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली कार्यसमिती नेमण्याची तरतूद झाली. १९५८ मध्ये संयुक्त व्यवस्थापन परिषदांची योजना आली आणि १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ४३-क समाविष्ट होऊन व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व बनले. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कार्यसमितीची तरतूद कायम आहे. शिवाय वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समितीही सांगितली आहे. समितीपुढे कोणते विषय ठेवावयाचे, हे मात्र कायद्याच्या शब्दांपेक्षा कारखान्याच्या रीतीवर ठरते. चहा आणि पंखे यांपलीकडे चर्चा जात नसेल, तर सदस्य लवकरच कंटाळतात, आणि मग कामगारांना सहभाग नकोच आहे असा निष्कर्ष काढला जातो.

तारापूरची पाहणी

अलीकडचा आणि सर्वांत काटेकोर पुरावा आपल्याच राज्यातून आला आहे. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून तारापूर (आता पालघर जिल्हा) आणि लगतचे गुजरातमधील उंबरगाव येथील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने काही कंपन्या निवडून त्यांच्या कारखान्यांना पाच महिने व्यवस्थापन सल्लागारांचे विनामूल्य साहाय्य देण्यात आले. उरलेल्यांची केवळ महिनाभर तपासणी झाली. त्यामुळे दोहोंची तुलना निःशंकपणे करता आली.

या कंपन्या कुटुंबांच्या मालकीच्या होत्या आणि लहानही नव्हत्या. सरासरीने प्रत्येकीत पावणेतीनशेच्या आसपास माणसे होती. आतील दृश्य मात्र उद्बोधक होते. सुताचे गठ्ठे ओलसर जागी, खुणेविना रचलेले, सुटे भाग एकाच ढिगात, वाटेवर हत्यारे. कापडात खोट किती येते हे ठाऊक होते, कोणत्या मागावर आणि कशामुळे येते याची नोंद नव्हती. त्याऐवजी खोट शोधून हाताने दुरुस्त करणारी वेगळी माणसे ठेवलेली होती. एकूण मनुष्यबळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा याच कामात गुंतला होता. कामगार निष्काळजी आहे, असे म्हणणाऱ्या कारखान्याने निष्काळजीपणा निस्तरण्याचे एक खातेच उघडून ठेवावे, यातील विसंगती कोणाला जाणवत नव्हती.

सल्लागारांनी मांडलेल्या ३८ रीतींत अवघड असे काही नाही. खोटीची रोज प्रकारवार नोंद, त्या नोंदीवर रोज थोडा वेळ बैठक, यंत्र बिघडण्यापूर्वी देखभाल, बिघाडाची कारणे लिहून ठेवणे, सुताला आणि सुट्या भागांना ठरलेली जागा, कोणाचे काम काय हे लेखी सांगणे, कामाचा आकडा फलकावर लावणे आणि चांगल्या कामाला काही मोबदला देणे, अशा त्या होत्या. नोंद सुरू झाल्याने खोट आणि तिचे कारण यांची सांगड बसली. सूत वाईट असेल किंवा यंत्र झिजले असेल तर त्याचा ठपका माग चालविणाऱ्यावर येणे थांबले. आणि चूक खरोखर त्याची असेल तर तीही दुसऱ्याच दिवशी दिसू लागली. एका वर्षात या कारखान्यांची उत्पादकता तुलनेतील कारखान्यांपेक्षा १७ टक्क्यांनी वाढली. काही कंपन्यांनी पुढील वर्षांत नवे कारखाने काढले.

हा फायदा आधीच का घेतला नाही, असे विचारता मालकांकडून मिळालेली उत्तरे लक्षणीय होती. काही रीती त्यांनी ऐकलेल्याच नव्हत्या. ऐकलेल्या होत्या त्या आपल्याला उपयोगी नाहीत असे वाटत होते. शेजारच्या कारखान्याइतकी आपली प्रत चांगली आहे, मग अधिक कशाला, हा विचार होता. नात्याबाहेरच्या माणसाच्या हाती अधिकार देण्यास मन धजत नव्हते. घरात कर्ते पुरुष जितके, तितकेच कारखाने वाढत, असेही या अभ्यासात आढळले. कामगाराच्या वृत्तीविषयी बरेच बोलले जाते. मालकाच्या वृत्तीचे असे मोजमाप क्वचितच झाले आहे.

हेच अभ्यासक २०१७ मध्ये त्या कारखान्यांत परत गेले. स्वीकारलेल्या रीतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. जेथे कारखान्याचा व्यवस्थापक बदलला किंवा मालकाला लक्ष देण्यास वेळ उरला नाही, तेथे गळती अधिक होती. तरीही साहाय्य मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते, आणि काही रीती त्याच कंपनीच्या, प्रयोगात नसलेल्या अन्य कारखान्यांतही आपोआप पोहोचल्या होत्या.